मीटरबाईंचे बूट आणि आचारीबुवांचे

आमच्या जिन्यातल्या मीटरबाईंना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. वीज कंपनीसाठी त्या घरोघरी फिरून मीटरचे आकडे टिपतात, म्हणून मीटरबाई. त्यांचे यजमान एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला न विचारताच कळत आलं आहे.

दोघांनी बूट एकाच दिवशी घेतले. बसथांब्यामागचं जोड्यांचं दुकान बंद व्हायचं होतं आणि मालक उरलासुरला माल काढत होता. घोट्याच्या वर नाड्या बांधायचे, जाड रबरी तळाचे चामडी बूट. तळाच्या आत हवेचे बंद खण असतात, त्यामुळे टाच टेकली की जरा दबते आणि पाऊल उचललं की पुन्हा वर येते. मालकानं अंगठ्यानं टाच दाबून दाखवली आणि म्हणाला, "दिवसभर उभं राहायचं असो की चालायचं, पाय तक्रार करणार नाहीत." मीटरबाईंनी काळे घेतले, आचारीबुवांनी तपकिरी. रंग सोडला तर दोन्ही जोड सारखेच होते, तेच चामडं, तोच तळ, कडेनं तीच पिवळ्या दोऱ्याची शिवण.

सुरुवातीला त्या बुटांनी दोघांनाही रडवलं. नवं चामडं लाकडासारखं ताठ होतं आणि टाचा सोलून निघाल्या. मीटरबाई मोज्यांवर मोजे चढवून संध्याकाळच्या घरातल्या घरात फिरायच्या, आणि टाचेमागच्या कडेला आतून क्रीम चोळायच्या. आचारीबुवांना एवढा धीर नव्हता. त्यांनी लाटणं घेतलं आणि बूट ओट्यावर ठेवून बडवले. "कणीक तिंबतो तसे तिंबून काढतो," म्हणाले. महिन्याभरात दोन्ही जोड पायांना रुळले, हे मात्र खरं.

पुढं दोघांचे रस्ते वेगळे झाले. मीटरबाईंचा दिवस फुटपाथवर, जिन्यांवर, पाणी साचलेल्या तळघरांत आणि कुत्री बांधलेल्या अंगणांत जायचा. घरी आल्या की चहाच्याही आधी त्या दारातल्या स्टुलावर बसायच्या. नाड्या काढायच्या, ओल्या फडक्यानं बूट पुसायचे, आणि चामडं नि तळ जिथं मिळतात त्या फटीतून दात घासायचा जुना ब्रश फिरवायचा. तिथं वाळू राहिली तर ती चालताना दोरा कापत राहते, असं त्यांचं म्हणणं. ओले असले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी क्रीमचा पातळ हात, आणि फाटक्या मोज्यानं घासून चकाकी.

आचारीबुवा आतून बघत बसायचे. "बूट आहेत का बाळ? नुसतं न्हाऊ-माखू घालतेस. आता अंगाई तेवढी गायची राहिली."

"तुमचेही द्या. दोन हात जास्त मारायला मला काय जड आहे?"

"नको. माझे बूट कामाचे आहेत, मिरवायचे नाहीत."

आणि कामाचे ते होतेच. भटारखान्याच्या फरशीवर तेल सांडायचं, मसाले सांडायचे. शेवटी सोडा टाकलेल्या उकळत्या पाण्यानं फरशी धुतली जायची आणि बुवा त्यातच उभे असायचे. मग भिजलेले बूट भट्टीला टेकून ठेवायचे आणि चपला सरकवून घरी यायचे. सकाळी बूट खडखडीत वाळलेले असत. याचा त्यांना अभिमानच होता, की बायको रात्रभर सावलीत ठेवते आणि तरी तिचे दमट, आपले बघा.

आधी चामड्यावर पांढरे डाग उठले. मग बोटांपाशी जिथं बूट दुमडतो तिथं बारीक रेषा आल्या, आणि रेषांच्या भेगा झाल्या. हा तळ खिळ्यांनी ठोकलेला नसतो, तापवून कडेला चिकटवलेला असतो. भट्टीच्या आचेनं तो पुढच्या बाजूनं सुटायला लागला. बुवांनी त्यात गोंद ओतला. गोंदानं हात टेकले तेव्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बुटाच्या नाकावर चढवली.

"टाकून द्या हो हे आता," मीटरबाई म्हणाल्या.

"टाकून देऊ? टाच बघ. तुझ्यापेक्षा नवी आहे."

ते खोटं नव्हतं. मीटरबाईंची टाच मागच्या बाजूनं तिरकी झिजली होती, बुवांची जशीच्या तशी होती, कारण ते एका जागी उभे असत. दोन्ही बूट उलटे करून दाखवले असते तर कोणीही बुवांचाच जोड चांगला म्हटला असता.

ज्या दिवशी पडले त्या दिवशी बुवा उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं एकटेच उचलून मोरीकडे निघाले होते. बुटाचं सुटलेलं नाक मोरीच्या जाळीत अडकलं. पातेलं पलीकडे कलंडलं म्हणून अंगावर पाणी आलं नाही, पण उजवा घोटा अंगाखाली आला आणि मोडला. शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी बसली. कँटीनचे मॅनेजर फळं घेऊन भेटायला आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "बूट तुमचे स्वतःचे होते ना, त्यामुळे भरपाईचं जरा..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. काही आठवड्यांनी कँटीनमध्ये दुसरा आचारी आला.

बुवांची थोरली बहीण मदतीला येऊन राहिली. बाई कामाला वाघ होत्या आणि जिभेलाही. एका संध्याकाळी मीटरबाई स्टुलावर बसून बूट पुसत होत्या, तेव्हा नणंदबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दार उघडं होतं आणि आवाज चढा.

"स्वतःचे बूट आरशासारखे. आणि माझ्या भावाचे? नवऱ्याच्या बुटांकडे बघायला तुला सवड नव्हती?"

मीटरबाईंनी ब्रश थांबवला नाही. "वन्सं, त्यांना हात आहेत."

"अगं, पुरुषमाणूस आहे तो!"

"हात आहेत ना पण?"

आतून बुवांचा आवाज आला, "ताई, तू आत ये. ती विचारत होती. मीच देत नव्हतो." नणंदबाई आत गेल्या. त्यानंतर आठवडाभर त्या भावजयीशी कामापुरतंच बोलल्या, आणि मग आपल्या घरी परत गेल्या.

बुवा एकटे पडले. बोलका माणूस, भटारखान्यात तोंडाचा पट्टा सुरू असायचा. घरात भिंतींशी किती बोलणार? कुबड्या घेऊन गॅलरीत यायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचे. मलाही कितीदा तरी थांबवलं. एकदा सुट्टीच्या दिवशी मीटरबाई बाजारात गेल्या होत्या तेव्हा त्यांनी मनावर घेतलं आणि बायकोचे बूट मांडीवर घेऊन त्यांना चांगलं भरपूर गोडं तेल पाजलं. मीटरबाई आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, हे काय केलंत?"

"चामड्याला तेल चांगलं. आमचे वडील नेहमी लावायचे."

"वडील काय घालायचे पायांत?"

"चपला."

"मग चपलांना लावा की!"

दुसऱ्या दिवशी त्या बुटांवर रस्त्याची सगळी धूळ बसली. संध्याकाळी त्या जिना चढल्या तेव्हा बूट पिठात घोळल्यासारखे दिसत होते, आणि आठवड्याभरात त्यांना खवट वास यायला लागला. पुढची सगळी सुट्टी साबणाच्या फडक्यानं ते तेल काढण्यात गेली. बुवा रुसले. चांगलं करायला गेलो तर हे बक्षीस, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवायला आले नाहीत, कारण मधल्या काळात त्यांनी बायकोला "दाखव बरं मला" असं म्हटलं होतं.

मीटरबाईंनी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "तुम्ही इडलीच्या साच्याला तेलाचं बोट फिरवता ना, तेवढंच क्रीम. लावल्यासारखं दिसता कामा नये. आणि उन्हात नाही, चुलीपाशी तर नाहीच."

"चुलीपाशी नाही," बुवा म्हणाले, आणि क्रीमची डबी उघडली.

तेव्हापासून ते काम बुवांकडे गेलं. हात मुळात कसबी, त्यामुळे लवकर जमलं. संध्याकाळी मीटरबाई स्टुलावर बसून नुसत्या पाय मोकळे करत आणि बुवा फटीतून ब्रश फिरवत दिवसभराची चौकशी करत. आज कुठल्या तळघरात पाणी होतं, कुठलं कुत्रं अंगावर आलं, हे त्यांना बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं त्यांनी विचारलंच नव्हतं.

मग एका बांधकामावरून जाताना मीटरबाईंच्या डाव्या टाचेत लांब खिळा घुसला. तळाच्या जाडीनं पाय वाचवला, पण हवेचा खण फुटला. खिळा उपसल्यावर बूट शिट्टी वाजवायला लागला, दर पावलाला एक. त्या जिन्यात शिरल्या की आम्हा सगळ्यांना कळायचं. "कुत्री आधीच तयार होऊन बसतात," त्या म्हणाल्या. त्यात पावसाचं पाणी शिरलं तेव्हा शिट्टीची गुळणी झाली.

चौकातल्या दुरुस्तीवाल्यानं बूट उलटासुलटा करून परत दिला. "बाई, याला खिळा ठोकला की आणखी खण फुटतील. सगळा तळ कापून नवा तापवून बसवावा लागतो. ते यंत्र माझ्याकडे नाही, पाठवावं लागेल. वरचं चामडं कसं आहे त्यावर ते ठरवतात, बसवायचा की नाही." त्यानं बोट दुमडीवरून फिरवलं. "याला बसवतील."

बूट पाठवले. तोवर उघड्या पायांनी फिरता येत नाही, म्हणून मीटरबाईंनी त्याच धाटणीचा नवा जोड घेतला. बुवांनी तो ओट्यावर ठेवला आणि शेजारी आपला मोडका तपकिरी जोडही काढून ठेवला. पडल्यापासून तो त्यांनी टाकला नव्हता, माळ्यावर ठेवला होता. मला बोलावून दाखवलं. नव्याचं चामडं हाताला पातळ लागत होतं आणि वर रंगाचा थर चढवलेला होता. दुमडला की बारीक सुरकुत्या पडत, जुना दुमडला की एक जाड घडी पडे.

"म्हणजे जुना माल चांगला," मी म्हणालो.

"माझा हा जुनाच माल आहे," बुवा आपल्या जोडाकडे बोट दाखवत म्हणाले. "त्याच दुकानातला, त्याच फळीवरचा. बघा कसा झालाय."



नव्या जोडाला त्यांनी पहिल्या दिवसापासून जपलं, तरी वर्ष उलटायच्या आत दुमडीवर रंगाचे पोपडे निघाले. काळा जोड मात्र नवा तळ लावून आला आणि पुन्हा चालू लागला. तळ बदलल्यावर तो थोडा उंच झाला होता, की त्यांना तसं वाटत होतं, कोण जाणे. पहिले काही दिवस मीटरबाई जिन्यात ठेचकाळल्या. मग दोन्ही जोड आलटूनपालटून घालायला लागल्या. एक दिवस घातला की एक दिवस त्याला आराम. घामाचा ओलावा आतून पुरता जायला तेवढा वेळ लागतोच.

घोटा बरा झाला, पण मोठ्या भट्टीपुढं तासन्‌तास उभं राहणं बुवांच्यानं पुन्हा झालं नाही. बऱ्याच खेपा घातल्यावर त्यांना एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, चिरण्यानिवडण्याचं आणि चव बघण्याचं. बरंचसं बसून. थोरल्या आचाऱ्याला दुसऱ्याच्या हाताखाली बसून कांदे चिरताना काय वाटलं असेल, ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात ते गॅलरीत आले नाहीत, एवढं मी पाहिलं.

कामावर जायच्या आधी मीटरबाईंनी विचारलं होतं, "तुम्हालाही नवे बूट घेऊ या का? माझ्यासारखे?"

"नको. ओल्या फरशीवर चामडं नेलं हीच माझी चूक. कितीही पुसलं असतं तरी सोड्यानं ते खाल्लंच असतं. जरा उशिरा खाल्लं असतं, एवढंच."

"उशिरा म्हणजे पुष्कळच उशिरा," मीटरबाई म्हणाल्या.

"बरं, पुष्कळ उशिरा."

त्यांनी पांढरे, न घसरणारे रबरी बूट घेतले. काम संपलं की नळाखाली धरायचे आणि उलटे टांगायचे. त्यांना ना क्रीम, ना ब्रश, ना कागदाचे बोळे. नणंदबाई भेटायला आल्या तेव्हा ते बघून त्यांनी नाक मुरडलं, माझा भाऊ काय दवाखान्यात कामाला आहे का, म्हणाल्या. बुवा हसले. तपकिरी जोडाच्या नाड्या तेवढ्या त्यांनी काढून घेतल्या, त्या धड होत्या, आणि बाकीचा जोड कचऱ्यात टाकला.

शाळा लवकर सुटते, त्यामुळे बायको येईपर्यंत त्यांना वेळ असतो. मीटरबाई आल्या की बूट अजून त्यांच्याच हाती जातात. त्यावरून वाद मात्र मिटलेले नाहीत. दर वेळी नाड्या काढायची गरज नाही असं बुवांचं मत आहे, आणि काढल्याशिवाय बुटाच्या जिभेखालची धूळ निघत नाही असं मीटरबाईंचं. काल संध्याकाळीही दार उघडं होतं.

"नाड्या काढल्यात का?"

"काढल्या."

"दाखवा."

मग आतून नाड्या भराभरा ओढल्याचा आवाज.