कौलांवरचा दात

यंदा ईदच्या सुट्टीत नातवाबरोबर शारजाच्या थिएटरात कार्टूनचा सिनेमा पाहिला. लहानपणीच्या गोष्टींमधले सगळे त्यात वीर झालेले. मुलांचे पडलेले दात नेणारा उंदीरमामा तर चक्क तलवार घेऊन लढत होता. पॉपकॉर्न खाता खाता नातवाने विचारलं, "दादी, हू टुक युअर टूथ?" आणि मी एकदम सात वर्षांची झाले.

साठच्या दशकातली दुबई. खाडीकाठी आमचं खजुराच्या झावळ्यांचं घर, आत कायम सुक्या मासळीचा वास. माझा पुढचा दात पडला, तो मी रत्नागिरीच्या रिवाजाप्रमाणे उंदीरमामासाठी छपरावर फेकला. झावळ्यांच्या फटीतून तो परत माझ्या पायाशी आला. तीनदा फेकला, तीनदा आला. आता नवा दात येणारच नाही म्हणून मी भोकाड पसरलं.

अब्बांनी तो दात रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधला. "रडू नको गो बाय. उद्या लाँचने मी घरीच निघालोय ना? पोचल्या पोचल्या आपल्या कौलांवर टाकतो, इन्शाल्ला."

ती लाँच रत्नागिरीला पोचलीच नाही. समुद्रात वादळ झालं होतं, एवढंच कळलं. घरात सगळे रडत होते. मी मात्र रोज जिभेने हिरडी चाचपत होते.

काही आठवड्यांनी पांढरं टोक वर आलं. मी आईचा हात ओढून तिचं बोट त्यावर ठेवलं. "आई, बघ, अब्बा पोचले!"

तिने मला घट्ट कवटाळलं आणि ती हमसून हमसून रडली. मला वाटलं, आनंदानेच.