माझा एक, त्याचे दोन

"ह्यो लांडगा बेइमान हाय," अण्णा म्हणाले आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. पहिल्याच जंगलात ते सातव्यांदा मेले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. लासूर स्टेशनच्या मार्केट यार्डात मापाडी आहेत, शेतमालाचं वजन करतात. त्यांच्या मोजण्यावर मी शिकलो आणि घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो. त्या शनिवारी ते पिशवीभर पेरू घेऊन पहिल्यांदाच माझं ऑफिस बघायला पडेगावला आले होते.

आमची कंपनी लहान. एक जुना, गाजलेला रोल-प्लेइंग गेम नव्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या मशीनवर, चालेल असा करून द्यायचं काम आमच्याकडे होतं. याला पोर्टिंग म्हणतात. अशा गेममध्ये आपण एखादं पात्र होऊन गावोगाव हिंडतो, लढतो, हळूहळू बलवान होतो. सोमवारी क्लायंटला बिल्ड, म्हणजे तयार प्रत, पाठवायची होती. आधी दोन 'खेळ जुन्यासारखा वाटत नाही' एवढाच शेरा घेऊन परत आल्या होत्या. तिसरीही आली असती, तर काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं असतं आणि प्रोबेशनवरचा मी घरी.

अण्णांचा हात बसलेला नाही, असं मी जरा ओशाळूनच सांगितलं. आमच्या टेस्टिंग लीड नसरीन आपा हसल्या. "चाचा, हमारा संदीप एका मिनिटात मारतो त्याला."

मी मारून दाखवला. अण्णांनी विचारलं, "तुला तो चावतो, पण लागत कसं नाय?"

मी सांगितलं, की हा गेम पूर्ण खेळायला चाळीस तास लागतात. म्हणून टेस्टिंग करताना आम्ही गॉड मोड चालू ठेवतो. त्यात आपलं पात्र मरतच नाही.

"म्हंजी काट्याला हात लावून माप घेता, व्हय?" अण्णा म्हणाले. "मी मोजलंय. माझा एक वार होईस्तोवर त्याचे दोन. दरवेळी."

आपांचं हसू थांबलं. त्यांनी गॉड मोड बंद केला आणि खेळायला बसल्या. दोन मिनिटांत त्याही मेल्या. मग कपाटातून जुना कन्सोल काढला. तिथं एकाला एकच वार.

कारण साधं होतं. जुनं मशीन सेकंदाला तीस चित्रं दाखवायचं, नवं साठ दाखवतं. एका चित्राला फ्रेम म्हणतात. लांडग्यानं दर तीस फ्रेमनंतर चावावं, असं जुन्या कोडमध्ये लिहिलेलं. नव्या मशीनवर तीस फ्रेम अर्ध्या सेकंदातच संपत होत्या. चालणं, संगीत, आपली तलवार हे सगळं आम्ही आधीच सेकंदांवर आणलं होतं, कारण त्यांची घाई डोळ्यांना दिसली होती. लांडग्याची घाई फक्त मरणाऱ्याला कळली असती, आणि आमच्यात मरत कुणीच नव्हतं.

रविवारी संध्याकाळपर्यंत आम्ही लांडग्यापासून शेवटच्या राक्षसापर्यंत सगळ्यांची घड्याळं दुरुस्त केली. मी स्वतः अकरा वेळा मेलो. इतक्या आनंदानं मी कधीच मेलो नव्हतो.

सोमवारी पाठवलेली बिल्ड पास झाली. महिन्याभरात माझं कन्फर्मेशनचं पत्रही आलं. आता ऑफिसात नियम आहे: कुठलीही बिल्ड जाण्याआधी, तो गेम कधीच न पाहिलेल्या एका माणसानं गॉड मोड बंद करून खेळायची. तो हरला, तर आधी कोड तपासायचा, मग त्याचा हात.

पत्राची बातमी फोनवर सांगितली, तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं झालं. लांडगा सुधारला का?"