देवीला लावलेला कौल

कॉलेज सोडायचं तर मनात होतं, पण खापर आपल्या माथी नको, म्हणून मी निर्णय देवीवर ढकलला. चाळिशी उलटल्यावर इथे परदेशात मोठ्या हौसेने बालशिक्षणाच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं. आदल्या आठवड्यात वर्गापुढे बोलायची वेळ आली आणि छातीत अशी धडधड सुरू झाली, की मी थेट पॅरामॅटा स्टेशनपर्यंत पळत सुटले. अँक्झायटीच्या गोळ्या चालू, सायकॉलॉजिस्टकडे जाणं चालू, तरी हे! नवरा म्हणाला, “झेपत नसेल तर सोड ना.” मायेनेच म्हणाला, पण मला रडू कोसळलं.

तेच प्रेझेंटेशन द्यायची आज शेवटची संधी होती. आमच्या कोकणात अडल्यावेळी देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो; उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वेंटवर्थव्हिलच्या फ्लॅटमध्ये गुरव कुठून आणणार? मीच झाले गुरव. देवघरातल्या पितळी मूर्तीला शेवंतीच्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, “आई, जाऊ की नको?” पाकळ्या ढिम्म हलेनात. शेवटी मी चिडलेच. “अगं, काहीतरी बोल की!”

तेवढ्यात बेल वाजली. दारात गुरप्रीत. माझ्याच वर्गातली, माझ्याच वयाची. एकदा तिने मला गाडीने घरी सोडलं होतं. “फोन क्यों नहीं उठाती? चल, गाडी नीचे है.” मी म्हटलं, मला नाही जमणार. तर ती दारातच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. “उस दिन तू भागी, तो मैं भी बाथरूम में छुप गई थी. मैं भी गोली खाती हूँ यार. अकेली नहीं जा पाऊँगी.”

अगं बाई! मी इतके दिवस समजत होते, त्या वर्गात अशी मी एकटीच. मी तिला पाणी दिलं, चपला घातल्या. निघताना देवघराकडे पाहिलं, तर दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या. आधी कुठली पडली, ते देवीलाच ठाऊक.

वर्गात पहिलं नाव गुरप्रीतचं आलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, “आई, हिला सांभाळ गं.” स्वतःसाठी काही मागायचं राहूनच गेलं. ती अडखळत बोलली, मग माझी पाळी आली. आवाज चिरकला, पण शेवटपर्यंत बोलले.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. गोळ्या अजून चालू आहेत, धडधडही अधूनमधून होते. पण मी हो की नाही विचारत बसले होते, आणि देवीने सोबत पाठवली. तिचे हे उपकार आठवले की डोळे भरून येतात. आता मी कौल लावत नाही. सकाळी नुसते हात जोडते आणि म्हणते, “आई, माझं सगळं तुझ्यावर सोपवलं. आज कोणाशेजारी उभी राहू, तेवढं दाखव.”