विहित केल्याप्रमाणे

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत एखादा घडलेला असतो. लंचला डबे उघडले की आम्ही ते एकमेकांना सांगतो, पोटभर हसतो, आणि मग हात धुताना कुणी कुणाकडे बघत नाही.

आमचं काम नियम करायचं. सभागृह कायदा पास करतं, पण त्यात जागोजागी लिहिलेलं असतं, 'विहित केल्याप्रमाणे'. म्हणजे बाकीचं सगळं आमच्या सेक्शनने ठरवायचं: अर्ज कुणी करायचा, सही कुणाची, दार कुणाला उघडायचं. नियम छापून येईपर्यंत कायदा नुसता शोभेला!

असाच एक कायदा झाला. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी, आई-वडिलांच्या पश्चात हाल होऊ नयेत म्हणून सरकारी निवास. बेंगळुरूत, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे इमारत उभी राहिली. रंग झाला, वॉचमन बसला. नियम नाहीत म्हणून आत कुणीच नाही.

तेव्हापासून बसवनगुडीच्या सीताअक्का बसने आमच्याकडे येऊ लागल्या. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठी. नवरा गेलेला. एकुलता एक माधू चाळिशीचा, पण शर्टाची बटणं अजून आईनेच लावायची.

"रूल्स आले का हो, अण्णा? मी आहे तोवर तो तिथे रुळलेला बघायचाय. तेवढंच."

अण्णा म्हणजे आमचे जाधवअण्णा, ड्राफ्ट लिहिणारे. ते दर वेळी म्हणायचे, "येतील अक्का, स्वल्प थांबा."

* * *

नियम कोऱ्या कागदावर कुणी लिहीत नाही. कुठल्या तरी राज्याचे घ्यायचे आणि नाव बदलायचं! अण्णांनी घेतले ते एका डोंगरी राज्याचे. वरच्या ऑफिसची मंजुरी मिळाली, आणि मग मला एक नियम दिसला: 'प्रवेशद्वारासमोर साचलेला बर्फ हटवण्याची जबाबदारी अधीक्षकाची राहील.'

बेंगळुरूत बर्फ!

काढायचा म्हटलं तर फाइल पुन्हा खालून वर. आमचे साहेब, मूर्तीसर, कपाळाला हात लावून बसले. अण्णांनी शांतपणे व्याख्यांच्या कलमात एक ओळ वाढवली: 'बर्फ या संज्ञेत पावसाच्या पाण्याचाही समावेश होतो.'

सगळ्या नियमांत या शहराला लागू पडेल असा तो एकच निघाला.

* * *

मग फाइल खर्चाला मान्यता देणाऱ्यांकडे गेली. तिथून शेरा आला, 'अशा निवासाला प्रत्यक्ष मागणी आहे का?'

मूर्तीसर कधी चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले. अक्का माधूला घेऊन आमच्या दाराबाहेर बसल्या होत्या. सरांनी लिहून टाकलं, 'मागणी सकाळपासून बाहेर बाकावर बसली आहे.'

फाइल परत आली. खाली नवा शेरा होता, 'बाकावर बसण्याची परवानगी कोणी दिली?'

आम्ही खूप हसलो. अक्का दारातून बघून हसल्या, कारण आम्ही हसत होतो. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

* * *

मसुदा राजपत्रात छापला की लोकांना महिनाभर मुदत असते, हरकती-सूचना पाठवायला. राजपत्र कोण वाचतं? व्हाइटफील्डच्या आयटी कंपनीतला माझा भाचा तर म्हणाला, "मावशी, हे राजपत्र म्हणजे अ‍ॅप आहे का?"

अण्णांनी अक्कांना मुद्दाम सांगितलं, "काही खटकत असेल तर लिहून द्या."

त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं! तुम्ही चांगलंच लिहिलं असणार."

एकही हरकत आली नाही. तरी अंतिम अधिसूचनेत वाक्य होतंच: 'प्राप्त हरकती विचारात घेण्यात आल्या.' ते आधीपासूनच टाइप करून ठेवलेलं असतं.

मी विचारलं, "सर, एकही आली नाही, मग विचारात काय घेतलं?"

मूर्तीसर म्हणाले, "एकही आली नाही, हेच!"

* * *

छापलेले नियम सभागृहासमोर ठेवावे लागतात. सदस्यांनी वाचायचे, चूक असेल तर बदलायचे, नाहीतर रद्द करायचे. सगळा कारभार या एका भरवशावर चालतो. मी आणि अण्णा गॅलरीत बसलो होतो. गठ्ठा टेबलावर ठेवला गेला, खाली गोंधळ चाललेला.

आणि एक सदस्य उभे राहिले. हातात आमचेच नियम! अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं होतं!

सदस्य म्हणाले, "अध्यक्षमहोदय, एसी बंद आहे." आणि आमच्या नियमांनी वारा घेत खाली बसले.



* * *

निवास सुरू झाल्याचं कळलं तशा सीताअक्का आल्या. माधूला नवा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेला. अक्का खूप वाळल्या होत्या, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी मात्र आमच्यासाठी चिरोटे आणले होते.

अण्णा नियम मोठ्याने वाचू लागले. "नियम चार. आई आणि वडील दोघेही हयात नसतील, त्यालाच प्रवेश."

"सरी, बरं. मी बघायला नसेन, एवढंच," अक्का म्हणाल्या.

"नियम सात. अर्जावर आई किंवा वडिलांनी स्वतः ऑफिसात येऊन, अधिकाऱ्यासमोर सही करावी. इतर कोणाचीही सही..." अण्णा थांबले. पुन्हा चार वाचला. पुन्हा सात.

मंजुरीच्या वाटेवर एक नियम एका सेक्शनने घातला होता, दुसरा दुसऱ्याने. दोन्ही मंजूर. दोन्ही सभागृहासमोर ठेवलेले.

मी मूर्तीसरांना हाक मारली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "दुरुस्ती करता येईल," ते हळू आवाजात म्हणाले. "ड्राफ्ट, मंजुरी, हरकती, सभागृह. सगळं पहिल्यापासून."

माधू चिरोट्याचा डबा उघडायला बघत होता. अक्कांनी तो उघडून त्याच्या हातात दिला, पदराने बोटं पुसली आणि अण्णांच्या टेबलावरचं पेन उचललं.

"मग एवढं सांगा, अण्णा," त्या म्हणाल्या, "सही आत्ता करून जाऊ, की नंतर येऊन करू?"