आपांचे जुने पेपर

आपा पेपर खालून वर वाचत. सकाळचा ताजा अंक हातात आला की आधी उलटा करायचा, शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवायचं आणि हरवले-सापडले, नावात बदल, दुःखद निधन, आभार असं करत वर सरकायचं. पहिल्या पानाच्या मथळ्यापर्यंत त्या बहुतेक वेळा पोचतच नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मथळ्यातली माणसं कुठंही सापडतात, सर. ही खालची एकदा गेली की गेली."

बुलढाण्यात नगरपालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या घराच्या माडीवर मी भाडेकरू होतो, इथल्या कॉलेजात भूगोल शिकवायला आलेला. आपांचे वडील, म्हणजे अब्बा, कोर्टाजवळ छापखाना चालवायचे आणि एक मराठी साप्ताहिक काढायचे. चार पानांचं. त्यात दिल्ली-मुंबईच्या बातम्या शिळ्या असत, पण कोणाची म्हैस हरवली, कोणाचा मुलगा फायनल पास झाला, कोणत्या वकिलानं कोणाच्या वतीनं नोटीस दिली, हे मात्र ताजं असे. अब्बा गेले, छापखाना विकला गेला, आणि साप्ताहिकाचे जुने अंक पत्र्याच्या पेट्यांमधून माळ्यावर गेले. आपा निवृत्त झाल्या त्या महिन्यात त्यांनी पेट्या खाली उतरवल्या. काही गठ्ठे वाळवीनं खाल्ले होते. उरलेले पापडासारखे मोडत होते.

मग रोज सकाळी ओसरीत कार्यक्रम सुरू झाला. बाजेवर पांढरी चादर, चादरीवर एक पान, पानावर जुन्या खिडकीची काच, म्हणजे सुरकुत्या बसतात. ऊन कोवळं असेपर्यंत मोबाइलनं फोटो काढायचे. दुपारी ते पान इंटरनेटवरच्या आपल्या ब्लॉगवर चढवायचं आणि खाली त्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव टाइप करायचं. फोटोतलं नाव शोधून सापडत नाही, टाइप केलेलं सापडतं, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यामुळं अपघातातला जखमी, सत्काराचा अध्यक्ष, बांगड्यांच्या दुकानाची जाहिरात देणारा, सगळ्यांची नावं त्या सारख्याच काळजीनं लिहीत. बायकांच्या बाबतीत पंचाईत व्हायची. "अमुक पाटलांच्या सौभाग्यवतींनी हळदीकुंकू केले" एवढंच छापलेलं असे. तिथं आपा न चुकता लिहायच्या : नाव छापलेले नाही. सलग पाच-सहा ठिकाणी तेच लिहावं लागलं की मोबाइल बाजूला ठेवून चहा टाकायला उठायच्या.

मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं होतं, "तुमच्या आजीचं माहेर कोणतं?" मला सांगता आलं नाही. घरी फोन केला तर वडिलांनाही सांगता आलं नाही. आपांना त्यात नवल वाटलं नाही. त्या भेटेल त्याला हा प्रश्न विचारत आणि बहुतेकांचं उत्तर असंच असे.

हळूहळू आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या हौशी लोकांत ब्लॉगचं नाव झालं. पुण्याहून, हैदराबादहून, एकदा तर दुबईहून फोन आले. कोणाला पणजोबांचं गाव हवं असे, कोणाला फक्त मरणाची तारीख. आपांची उत्तरं दोनच प्रकारची. "आहे" किंवा "असावे". "असावे" म्हटलं की समोरचा कितीही गळ घालो, त्याचं "आहे" होत नसे. पुण्याच्या एका इंजिनिअरला आपले आजोबा सत्याग्रही होते अशी खात्री होती. आपांनी शोधलं तर आजोबा सापडले, पण रात्री दिवा न लावता बैलगाडी हाकल्याबद्दल दंड झालेल्यांच्या यादीत. इंजिनिअर रुसला. "हे नक्की तेच कशावरून?" म्हणाला. आपा म्हणाल्या, "बापाचं नाव, गाव, आडनाव, तिन्ही जुळतात. आहे." महिन्याभरानं त्यानं फोटो पाठवला. ती बातमी चौकटीत घालून त्यानं दिवाणखान्यात लावली होती.

सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही, हे त्या हिवाळ्यात कळलं.

एका सकाळी फटफटीवरून एक पन्नाशीचा शेतकरी आला. मोताळा तालुक्यातला, रोहिणखेडच्या पुढच्या एका गावचा. गावाचं नाव मी सांगत नाही. उंबऱ्यातूनच मोबाइल पुढं करून म्हणाला, "हे तुमीच टाकलं का?"

आपांनी चष्मा लावून पाहिलं. साठेक वर्षांपूर्वीच्या अंकातली जाहीर नोटीस होती. "तमाम लोकांस कळविण्यात येते की," अशी सुरुवात करून एका बापानं छापलं होतं, की माझी मुलगी गोदावरी ही घरातून निघून गेली असून तिचा आमच्या घराण्याशी यापुढे कोणताही संबंध नाही.

"तो माहा आजा," तो म्हणाला. "गोदावरी माही आत्या. म्या तिले पाह्यलं बी नाई. रस्त्याच्या कामावर परजातीचा ओव्हरसियर आलता, त्याच्यासंगं गेली म्हणतात. आता माह्या पोरीची सोयरीक चालू हाये. पाव्हण्यायनं हे वाचलं तं काय सांगू मी?"

"काढते," आपा म्हणाल्या आणि त्याच्यासमोरच ते पान ब्लॉगवरून काढलं. "पाहून घ्या. गेलं."

तो भांडायच्या तयारीनं आला होता. भांडण न झाल्यामुळं त्याला जावं की थांबावं कळेना. आपांनी त्याला बसवलं आणि म्हणाल्या, "पण एक सांगायचं हाये तुमाले. परवा इंदूरहून एका बाईचा फोन आला होता. तुमच्या आत्याची नात हाये ती. तिनं हे पान आधीच वाचलं. आजी गेली, पण मरेपर्यंत माहेरचं गाव सांगितलं नाही म्हणे. बापाचं नाव-आडनाव तेवढं एका कागदावर होतं, ते जुळलं. घर पाहायचं म्हणते. मी पत्ता दिला नाही. तुमाले विचारल्याबिगर देणार बी नाही."

"नाई द्यायचा," तो म्हणाला आणि उठून गेला.

मी सगळं ऐकलं होतं. मला ते पटलं नाही. छापून आलेली गोष्ट, त्यात लपवायचं काय, आणि त्या नातीनं काय पाप केलंय, असं मी बोललो. आपा काचेवरचे डाग पुसत होत्या. म्हणाल्या, "तिचं काहीच चुकलं नाही. त्याच्या पोरीचंही नाही. आणि हे छापलं कोणी? माझ्या अब्बांनी. नोटीस आली, त्यांनी अक्षरांचे खिळे जुळवले, छापली. माझ्या घरातून निघालेलं आहे ते, सर. दुसऱ्यांदा मी चव्हाट्यावर आणलं."

त्यानंतर बरेच दिवस ओसरीत चादर पडली नाही. इंदूरचा फोन यायचा, आपा "अजून विचारते आहे" म्हणायच्या. पेट्या बंद होत्या. एकदा मला म्हणाल्या, "मी समजत होते, मेलेल्यांचं काम आहे. ह्यात जिते निघाले."

मग एके दिवशी त्याच शेतकऱ्याचा फोन आला. आवाज खाली आला होता. "आमच्या घरी मोठी आत्या हाये. गोदावरीची सख्खी बहीण. माह्या पोरीनं तिले सांगून देल्लं. आता ती जेवत नाई. म्हणते, तो कागद आणा अन् ज्या बाईजवळ हाये तिले बी आणा."

आम्ही मोताळ्याच्या बसनं गेलो, तिथून तो आम्हाला जीपमधून घेऊन गेला. रोहिणखेडची जुनी मशीद मागं पडली. मूळ अंक प्लास्टिकमध्ये घालून आपांनी मांडीवर धरला होता.

घर मोठं, शेणानं सारवलेलं अंगण. ओसरीत बाजेवर म्हातारी बसली होती. विधवा होऊन तरुणपणीच माहेरी परत आलेली, आता डोळ्यांवर सारा येऊन दिसेनासं झालेली. तिनं आपांचा हात धरून जवळ बसवलं. "वाच, माय," म्हणाली.

आपांनी वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं, स्वच्छ आणि सावकाश. "कोणताही संबंध नाही" इथंही आवाज बदलला नाही. तिचा भाचा, तो शेतकरी, खांबाला टेकून जमिनीकडं बघत होता.

"पुन्ना वाच. नाव तेवढं."

"गोदावरी."

"पुरं वाच."

आपांनी गोदावरी, पुढं बापाचं नाव, पुढं आडनाव असं पूर्ण वाचलं.

 म्हातारी म्हणाली, "म्हंजे बापानं आपलं नाव लावलं तिले."

"हो. लावलंय."

"त्या दिवसापासून या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाई. बापाच्या भेवानं म्या बी नाई घेतलं. बाप मेला तरी नाई घेतलं, सवयच मोडली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कुठी गेली ती?"

"इंदूरला. नवरा चांगला होता म्हणते तिची नात. मुलं आहेत, नातवंडं आहेत. मागच्या वर्षी वारली."

"खाऊनपिऊन सुखी होती?"

"होती म्हणते."

म्हातारी भाच्याकडं तोंड करून म्हणाली, "बलाव त्या पोरीले."

"आत्या, सोयरीक..."

"सोयरीक होते का मोडते, पाहू. बलाव." मग आपांना म्हणाली, "अन् तो कागद होता तिथं लाव. पण बापानं लिवलं तेवढ्यावर नको ठिऊ. पुढं काय झालं तेही लिव."

परतताना बसमध्ये आपा म्हणाल्या, "एवढे दिवस मला हे सुचलं कसं नाही?" दुसऱ्या दिवशी नोटिशीचं पान पुन्हा चढलं. खाली आपांनी लिहिलं की गोदावरीबाईंनी इंदूरला संसार केला, त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी, आणि त्यांची थोरली बहीण त्यांची आठवण काढते.

नात आली तेव्हा मी नव्हतो, आपा होत्या. नातीनं आजीचे फोटो आणले होते, पण म्हातारीला दिसत नव्हतं. तिनं पोरीला फक्त बोलायला लावलं. पोरगी अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलली. म्हातारी म्हणाली, "तशीच बोलते. नाकात." मग पुष्कळ वेळ हसली आणि मग रडली. सोयरीक मोडली नाही. पाव्हण्यांनी पान वाचलं की नाही, हे कोणी विचारलं नाही. लग्नात इंदूरची नात नवरीच्या मागं करवली म्हणून उभी होती.

तेव्हापासून आपांनी प्रत्येक पानाखाली एक ओळ टाकायला सुरुवात केली : यातील कोणाचे पुढे काय झाले हे माहीत असल्यास कळवावे. लोक कळवू लागले. परीक्षेत नापास झालेला पुढं हेडमास्तर झाला होता. एका हरवलेल्या म्हशीखाली कोणीतरी लिहिलं, "सापडली होती. तिचं दूध मी प्यालो आहे." आपांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. मात्र जित्या माणसांना लागेल असं काही असलं की त्या आधी पत्ता काढून फोन करत, आणि "नको" म्हटलं की ते पान पेटीतच राही. मलाही त्यांनी हेच शिकवलं. आज मी ते काम बघतो तेव्हा उशीर होतो, लोक कंटाळतात, पण आधी फोन करतो.

दोन वर्षांनी आपांची नजर गेली. काचबिंदू होता आणि त्यांनी तो बरेच दिवस अंगावर काढला होता. अकोल्याच्या त्यांच्या भाचीनं त्यांना आपल्याकडं न्यायचं ठरवलं. दसरा झाला आणि त्या निघाल्या. पेट्या माझ्याकडं राहिल्या. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "डांबराच्या गोळ्या बदलत जा." अकोल्यालाच त्या पुढच्या उन्हाळ्यात वारल्या. मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्यामुळं माझ्या मनात शेवटच्या आपा आहेत त्या बुलढाण्याच्या स्टँडवरच्या.

भाचीनं त्यांना बसच्या खिडकीशी बसवलं होतं. मी खाली उभा होतो. तेवढ्यात मोताळ्याकडचा तो शेतकरी, गोदावरीचा भाचा, धावत आला. हातात नव्या मुगाची पिशवी. ती खिडकीतून आत देऊन म्हणाला, "आपा, सर्वपित्रीले यंदा गोदावरी आत्याचं पान मांडलं."

आपांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"गुरुजी म्हणे, लगन होऊन गेलेल्या लेकीचं पान माहेरात नसते. म्या म्हटलं, आमच्या इथं असते."

 आपांनी विचारलं, "काय वाढलं?"

"वडे, खीर, कढी, गवाराची भाजी. अन् मिरचीचा ठेचा."

"ठेचा नका वाढू," आपा म्हणाल्या. "सारा जन्म इंदुरात गेला तिचा, तिखटाची सवय मोडली असेल. खीर जास्त वाढत जा."

"हाव," तो म्हणाला. कंडक्टरनं घंटी दिली.