कमलताई 'हाव' म्हणाली होती

माईक हातात आला की मी सोडत नाही, हे लोणार तालुक्यात कोणालाही विचारा. बसस्टँडवर बोललोय, तहसीलसमोर बोललोय, मित्राच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा बोललोय. पण हे एक — हे कुठंच बोललो नाही. आईजवळ नाही. ज्यांच्यासोबत गावोगाव पत्रकं वाटली त्या पोरांजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी एक ॲप बनवलं होतं. नाव मोठं झोकदार ठेवलं होतं, ते आता घ्यावंसं वाटत नाही. गावातल्या माणसानं बटण दाबायचं, फोनमध्ये तक्रार बोलायची — नळाची, रस्त्याची, दवाखान्याची. ॲप ती लिहून घेणार आणि सगळ्या जगाला दिसेल अशी लावणार. लिहिता न येणाऱ्याचीही तक्रार लागली पाहिजे, हा माझा हट्ट. शेवटी ॲप विचारायचं, 'तुमचं नाव गुप्त ठेवायचं का?' हो म्हटलं की नाव झाकलं जाणार. पत्रकावर मी ठळक छापलं होतं — घाबरू नका! तुमचं नाव तुमच्याच हातात!

मला कोडिंग येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. मला पत्रक लिहिता येतं, उद्गारचिन्हं देता येतात. पण एआयला मराठीत सांगितलं की तो कोड लिहून देतो, हे कळलं आणि मला माज चढला. काय पाहिजे ते सांगायचं, 'चालव' म्हणायचं, चाललं की पुढं जायचं. आत काय लिहिलंय ते एकदाही उघडून पाहिलं नाही. सरकार न वाचता सह्या करतं म्हणून मी किती भाषणं ठोकली असतील? आणि मी काय करत होतो?

कमलताई इथल्याच एका गावात, बुद्धविहाराकडच्या गल्लीत राहते. गावाचं नाव सांगत नाही. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. त्यांच्या गल्लीत नळ सगळ्यात शेवटी सोडायचे, आणि तोवर टाकीत काही उरायचं नाही. नळ सोडणारा सरपंचाच्या घरातला. सरपंच शाळेच्या समितीत. म्हणजे तक्रार करायची कोणाची आणि पोट कोणाच्या हातात, ते तुम्हीच समजा. मी तिच्या ओट्यावर बसून तिला तासभर पटवलं. ती म्हणाली, "माह्यं नाव कोणाले दिसन तं नाही न, भाऊ? मायी खिचडी जाईन."

"ताई, मी आहे ना," मी म्हणालो.

ती हसली. "तू हायेस, पण तू तं मोटरसायकलवर हायेस."

तरी बोलली. फोन तोंडाशी धरून, ओरडून बोलली, जणू फोन बहिरा आहे. नाव गुप्त ठेवायचं का, ॲपनं विचारलं. ती म्हणाली, "हाव." ॲप धन्यवाद म्हणालं. मी शेजारीच होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

दोन दिवसांत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲपचा फोटो फिरला. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'पाहा, कोण कोण चुगल्या करून राह्यलं.' कमलताईचं नाव होतं. तिच्या गल्लीतल्या आणखी काही बायांचं होतं, दोघातिघा म्हाताऱ्यांचं होतं. सोमवारी ती शाळेत गेली तर चूल दुसऱ्या बाईनं पेटवलेली होती.

मी काय केलं? चौकात उभा राहिलो आणि म्हणालो — आमचं ॲप हॅक झालंय! गरिबाचा आवाज दाबायला कोणीतरी नावं फोडलीत! त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. लोक चिडले, मोर्चा निघाला, मला बुलढाण्याला भाषणाला बोलावलं, हार घातला. खोटं एवढं बेमालूम बसलं की बोलता बोलता माझा गळाही भरून आला. खरंच भरून आला. याचं काय करायचं, सांगा?

कारण चौकात उभं राहायच्या आधी मी सगळं पाहिलं होतं. पहिल्यांदाच ॲपच्या आत डोकावलो होतो. ज्यांची नावं झाकलेली होती — मास्तर, औषधाच्या दुकानवाला, कॉलेजातली पोरं — ते सगळे 'हो' म्हणाले होते. ज्यांची उघडी पडली ते सगळे 'हाव' म्हणाले होते. कोडमध्ये 'हो' होतं, 'होय' होतं. 'हाव' नव्हतं. आणि जे 'हो' नाही ते 'नाही'.

माझ्या घरात काय म्हणतात? हाव. माझा बाप मरताना डॉक्टरला काय म्हणाला? हाव. पण मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा माझ्या एका 'मले'वर अख्खी मेस हसली होती, आणि तेव्हापासून मी जीभ घासून घासून गुळगुळीत केली. ॲप तपासलं ते त्याच जिभेनं. दहा वेळा म्हणालो — हो, हो, हो. दहाही वेळा बरोबर चाललं. ज्यांच्यासाठी बनवलं त्यांच्यातल्या एकालाही आधी बोलून पाहा म्हटलं नाही. ज्यांच्या नावानं मी पत्रकं काढतो, त्यांच्या तोंडचा होकार मला होकार म्हणून आठवलाच नाही.

इथं थांबलो असतो तर चूक म्हणता आली असती. पण थांबता येत नाही.

एआयनं मला विचारलं होतं. बनवतानाच. उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारू का, की नाव झाकूनच ठेवू? अगदी सभ्यपणे. आणि मी लिहिलं — पुन्हा विचारू नकोस, स्पष्ट 'हो' नसेल तर नाव दाखव. का? कारण निनावी तक्रार साहेब लोक कचऱ्यात टाकतात. मला नावं पाहिजे होती. भरपूर नावं. माझ्यामागं किती माणसं आहेत ते दाखवायला. म्हणजे यंत्रानं घोळ घातला असंही मला म्हणता येत नाही. त्यानं माझंच ऐकलं.

दुरुस्तीला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. 'हाव' घाल, म्हणालो. घातलं. मग तोंड धुतलं आणि चौकात गेलो.

अजून आहे.

आठवड्यानं कमलताई माझ्याकडं आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "हॅकबिक मले समजत नाही, भाऊ. मले वाटते म्याच कायतरी भलतं दाबलं असन. हात ओला होता माहा."

तिचा हात ओला नव्हता. मी शेजारी होतो. तिनं काही दाबलंच नव्हतं. सगळं बरोबर केलं होतं तिनं.

मी म्हणालो, "असेल, ताई. होतं असं."

हे ते वाक्य. आजवर जे कोणाला सांगितलं नाही ते हेच. मोर्चातलं खोटं सरकारच्या तोंडावर फेकलं होतं, त्याची मला फारशी लाज नाही, खरं सांगतो. पण हे मी तिच्या तोंडावर बोललो, आणि तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं फोन लेकीला देऊन टाकला. बायकांत सांगायची, मले नाही येत बाई ते, मायामुळं साऱ्याइचे नावं फुटले. सगळ्यांची नावं आपल्यामुळं फुटली, असं ती धरून बसली होती. मला हे कळत होतं. कळत असूनही मी तिच्या गल्लीत जायचं टाळत होतो, एवढंच.

मग सरपंचाचा निरोप आला — ग्रामसभेत माफी मागितली तर खिचडीचं पाहू. ती पुन्हा माझ्याकडंच आली. काय बोलू, भाऊ? तुले चांगलं बोलता येते. आणि मी — मी तिला वाक्य शिकवलं. 'माझ्याकडून अनवधानानं ती तक्रार नोंदवली गेली, माझा तसा कोणताही हेतू नव्हता.' पत्रकासारखं घोटून घेतलं तिच्याकडून. 'अनवधानानं' तिच्या तोंडात बसेना. मी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. दुसरा शब्द देता आला नसता का? चुकून म्हण, एवढं सांगता आलं नसतं? आणि खरं तर मी स्वतः उठून दोन ओळी बोललो असतो तर तिला काहीच बोलावं लागलं नसतं.

ग्रामसभेत ती पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. 'माझ्याकडून' म्हणाली आणि थांबली. 'अनव' म्हणाली आणि पुन्हा थांबली. मागून कोणीतरी ओरडलं, "आयला, कमल तं साहेबीण झाली बे!" सगळी सभा हसली. तिनं हसण्यातूनच वाक्य पुरं केलं. पुरं, एकही शब्द न गाळता, आणि खाली बसली. सरपंच म्हणाला, झालं गेलं विसरून जा. खिचडी त्या दुसऱ्या बाईकडंच राहील, कारण आता पोरांना तिच्या हातची सवय झाली. मग तो टाळ्या वाजवा म्हणाला, बाईनं मोठ्या मनानं चूक कबूल केली म्हणून.

टाळ्या वाजल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. मीही वाजवल्या.