मोरपंखीचा पाला आणि उसनं भांडं

मोरपंखीचा पाला जाळायचा, पण त्याचा जीव ठेवून जाळायचा, हे शू-लानला तिच्या आईने शिकवलं होतं. लोखंडी कढई चांगली तापली की पाला टाकायचा आणि उलथण्याने हलवत राहायचं. वरून काळा झाला, मोडून पाहिल्यावर आतून तपकिरी दिसला, की पाण्याचा हबका मारायचा. जरा उशीर झाला की राख. राखेने रक्त थांबत नाही.

तिचं माहेर वरच्या वाडीत, ‘तू’ आडनावाच्या घराण्यात. सासर खालच्या वाडीत, झुआंगांकडे. मधे पाण्याचा एकच पाट. पाऊस बरा झाला की दोन्ही वाड्यांत सोयरिकी जुळत, कोरडं पडलं की डोकी फुटत.

त्या वर्षी भात पोटरीत आलं आणि वरच्यांनी पाट बुजवला. झुआंगांचे पुरुष कुदळी, कोयते, भाले घेऊन गेले, आणि दुपारी परतले ते एकमेकांना दारांच्या फळ्यांवर घालून. पूर्वजांच्या देवळात फळ्या ओळीने मांडल्या. एकाचा कान गालावर लोंबत होता. एकाचं पोट फाटलं होतं आणि तो बाहेर आलेलं दोन्ही हातांनी धरून "माझं आत घाला रे, आत घाला" म्हणत होता. शू-लान अंगणातल्या चुलीवर पाला जाळत होती, कुटत होती, जखमांत दाबत होती. कोपरापर्यंत तिचे हात लाल-काळे झाले होते.

शेवटच्या फळीवर लाय-शेंग होता. त्याला पाला लागणार नव्हता. भाला गळ्यातून आरपार गेला होता.

लाय-शेंग म्हणजे शेजारच्या फांग-काकूंचा एकुलता एक. हिवाळ्यात तो रक्त ओकत होता, तेव्हा काकूंनी शू-लानचं काढ्याचं मातीचं भांडं उसनं नेलं होतं. याच पाल्याच्या काढ्याने पोरगा उठून बसला, आणि उठला म्हणूनच आज लढायला गेला. भांडं अजून काकूंकडेच होतं. औषधाचं भांडं नेणाऱ्याने परत आणून द्यायचं नसतं. ज्याचं त्याने जाऊन आणायचं. आणून दिलं तर घरातलं दुखणं दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकल्यासारखं. शू-लानचं जाईन जाईन म्हणता राहून गेलं होतं.

"खांबाला कोणाला बांधलंय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"डोळे फुटले का तुझे? तुझा भाऊ," देछुआन म्हणाला.

शी-युआनच्या मांडीवर कोयत्याचा घाव होता. रक्त पायातून खाली ठिबकत होतं. शू-लान मूठभर पाला घेऊन उठली, तशी देछुआनने तिच्या मुस्कटात मारली. पाला मातीत सांडला.

"आपल्या माणसांचं औषध त्याला?"

"ताई," खांबापासून शी-युआन म्हणाला, "भावजींना सांग, जेवून घ्या आधी. आमच्याकडे म्हाताऱ्या याहून जोरात मारतात."

कोणीतरी त्याच्या जखमेवर लाथ घातली. तो गुरासारखा ओरडला.

घराण्यातले वडीलधारे बाओशान आजोबा तिथेच स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "त्याला आत्ता मारू नका. लाय-शेंगच्या आईला येऊ द्या. तिच्यासमोर गळा चिरू. जिवाला जीव."

फांग-काकू आल्या. मुलाचं तोंड पुसलं. रडल्या नाहीत. पुसून झाल्यावर शू-लानकडे पाहिलं आणि घरी गेल्या. परत आल्या त्या हातात काढ्याचं भांडं घेऊन. ते त्यांनी शू-लानच्या पायाशी ठेवलं.

अंगणातल्या बायकांनी आपापली पोरं मागे ओढली.

"तुझ्या माहेरच्यांनी खाल्ला त्याला," काकू म्हणाल्या. "हे घे. आतल्या सगळ्यासकट घे."

"फोड ते!" देछुआन ओरडला. "इथल्या इथे फोड! घरात आपलं पोर आहे, बाई!"

फोडलं असतं तर पीडा तिथेच मातीत गेली असती. सगळे तेच करतात. शू-लानने खाली वाकून भांडं दोन्ही हातांनी उचललं.

"काकू, मी घेतलं. लाय-शेंगचं मरण आता माझ्या घरात आलं. कधी कोणाला न्यायचं ते नेईल. पण एका मरणाला तुम्ही दोन जीव घेऊ नका. माझं घर घेतलंत, माझा भाऊ सोडा."

देछुआन तिच्या अंगावर धावून गेला. आजोबांनी काठी आडवी घातली.

"ती खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "तू ठरव, फांग. एक काहीतरी."

काकूंनी तिच्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोडा त्या कुत्र्याला."

शू-लानने भावाच्या मांडीत पाला दाबला, फडक्याने आवळून बांधला आणि त्याला पाटापर्यंत नेलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मी येणारच, ताई. भावजींना सांग."

त्या संध्याकाळी देछुआनने तिला कावडीच्या दांड्याने मारलं. दांडा मोडला. भांडं चुलीच्या वर, करुणेच्या देवीच्या शेजारी राहिलं. रोज सकाळी शू-लान उदबत्ती लावून म्हणे, "न्यायचं तर मला ने, माये. पोराकडे बघू नकोस." तिच्या घरचं पाणी कोणी पिईना. हात कापला की मात्र येत, अंगणातूनच पाला मागत.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाट बुजला. या वेळी फळीवर देछुआन होता. खांद्यात कुदळ इतकी खोल गेली होती की पांढरं हाड दिसत होतं. कुदळ कोणाची, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

घरच्या चुलीवर पहिला घाणा जळून राख झाला. तिने तो ओतून टाकला, दुसरा पाला टाकला. दारातल्या बायका कुजबुजत होत्या, "भांडं भोवलं बघ. भोवलं."

त्यांना ढकलत फांग-काकू आत आल्या.

"भांडं दे. उसनं हवंय."

"तुमच्याकडे कोण आजारी आहे, काकू?"

"माझ्याकडे आहे कोण आजारी पडायला!" म्हातारीने स्वतःच हात वर करून भांडं काढलं आणि काखेत मारलं. "कढईकडे बघ. जळेल. आणि हे आणायला येऊ नकोस. ऐकलंस? मेलीस तरी येऊ नकोस."

त्या गेल्या. शू-लानने एक पान मोडून पाहिलं. आतून तपकिरी होतं. तिने पाण्याचा हबका मारला.

देछुआन वाचला. डावा हात कामाचा राहिला नाही, उजव्याने तो पुढेही लढायला जात राहिला. फांग-काकू त्याच हिवाळ्यात गेल्या. भांडं त्यांच्या थंड चुलीवर होतं. शू-लान प्रेताला आंघोळ घालायला गेली, तिने ते पाहिलं, आणि रिकाम्या हाताने घरी आली.